पुण्यातल्या खासगी रुग्णालयात सिस्टरचा पगार ठरतो कसा?

सिंहगड रस्त्यावरच्या ७० खाटांच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या सिस्टरचा हा प्रश्न आहे. अंबाजोगाईकडे जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून त्या पुण्यात आल्या, त्याला चार वर्षं झाली. आता आयसीयूत असतात, हातात १९,००० येतात. त्यांच्याच बॅचची मैत्रीण ससून या सरकारी रुग्णालयात कायम झाली, तिचा पगार जवळपास तिप्पट. मागच्या महिन्यात लागलेल्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, मात्र पहिल्याच दिवशी २१,००० ठरले. एचआरचं म्हणणं, सिस्टर मिळत नाहीत. मिळत नाहीत तर पगार का वाढवत नाहीत, आणि आता पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) करावं, जर्मनीला जावं की इथेच थांबावं, असं त्यांनी विचारलं आहे.

सिस्टर, मी पुण्यातच स्टाफ नर्स म्हणून लागले, पुढे मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरची प्रमुख, झाले, आणि आता बरीच वर्षं नर्सिंगची भरती आणि पगारपत्रकं माझ्या टेबलावरून जातात. तेवढ्या अनुभवावर सांगते. आपल्या क्षेत्रात पगार ठरवताना पदवी, हातातलं कौशल्य आणि कामाचा भार हे सगळं मागे राहतं. आधी पाहिलं जातं ते तुमचं नाव कुठल्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आहे ते. आणि कुठल्या मस्टरवर कोण येणार, हे वय, गाव आणि बाई की पुरुष यावरून बरंचसं आधीच ठरलेलं असतं.

तुमच्याच आयसीयूतली एक नाइट घ्या. एका पेशंटभोवती तुम्ही असता, रुग्णालयाच्या मस्टरवर. आरएमओ, म्हणजे पाळीवर हजर असणारा डॉक्टर, बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस (आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर), ठरावीक महिन्याच्या रकमेवर. मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, एजन्सीचे, बारा तासांच्या पाळीत. व्हेंटिलेटर लावायला येणारे इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर) कन्सल्टंट, त्यांना पगार नाहीच, व्यावसायिक फी मिळते आणि त्यातून टीडीएस कापला जातो. भूलतज्ज्ञ ऑन कॉल, केसप्रमाणे. पेशंट एक, रात्र एक, पण पैसे पाच वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि त्या वाटा एकमेकींना कुठे मिळत नाहीत. म्हणून 'आरएमओला इतके, मग मला इतकेच का' या प्रश्नाचं उत्तर एचआरकडे नसतं. ते दोन आकडे शेजारी ठेवून कुणी कधी ठरवलेलेच नसतात.

ससूनच्या मैत्रिणीचं गणित सरळ आहे. राज्य सरकारच्या सेवेत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या आयोगानुसार एस-१३, म्हणजे मूळ वेतन ३५,४०० पासून पुढे १,१२,४०० पर्यंत. त्यावर महागाई भत्ता, जो आता मूळ वेतनाच्या निम्म्याहून वर गेला आहे, आणि पुणे एक्स वर्गातलं, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या सर्वांत वरच्या गटातलं, शहर असल्याने घरभाडे भत्ता ३० टक्के. बेरीज केली तर नव्या सिस्टरचाही एकूण पगार साठ हजारांच्या पुढे जातो. तिचं काम तुमच्यापेक्षा हलकं आहे असं समजू नका. ससूनच्या वॉर्डात एका सिस्टरमागे किती पेशंट असतात ते मी पाहिलं आहे.

पण 'सरकारी' म्हटलं की सगळे त्याच श्रेणीत येतात असंही नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या सिस्टर कंत्राटी असतात, कायम करा म्हणून त्यांनी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये संप केला. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना महिन्याला २५,००० आणि कामगिरीवर आधारित १५,००० पर्यंत मिळतात. हवेली किंवा मुळशीत घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना तर कर्मचारी मानलेलंच नाही. २००५ पासून त्यांची गणना स्वयंसेविकांत होते आणि हाती पडतं ते मानधन. राज्याने त्यांच्या मानधनात ५,००० ची वाढ केली, तीही २०२३ च्या अखेरीस झालेल्या मोठ्या संपानंतर. सरकारी आरोग्य यंत्रणेत बायका सर्वांत जास्त आहेत त्या याच, तळाच्या पायरीवर.

आता खासगीकडे वळते. इथे खरा अडसर बिलात आहे. पेशंटच्या बिलात सर्जनची फी वेगळी दिसते, भूलतज्ज्ञाची दिसते, औषधं, इम्प्लांट, तपासण्या दिसतात. नर्सिंग चार्जेस म्हणून दिवसाला एक रक्कम लावतात, पण त्या रकमेचा तुमच्या पगाराशी काहीही संबंध नसतो. सरकारी आरोग्य योजनेचा किंवा विम्याचा पेशंट असेल तर तीही ओळ नाहीशी होते, सगळं पॅकेजमध्ये जातं. मग हिशेबाला बसलेल्या माणसाच्या कागदावर सर्जन उत्पन्नाच्या बाजूला येतो आणि सिस्टर खर्चाच्या. सर्जन दुसऱ्या रुग्णालयात गेला तर त्याच्यामागे पेशंट जातात, म्हणून त्याला मिनिमम गॅरंटी, म्हणजे ठरावीक किमान रकमेची हमी, देऊन थांबवून घेतात. तुम्ही गेलात तर पेशंट तुमच्या मागे येत नाहीत. तुम्ही गेल्यावर जे होतं, म्हणजे संसर्ग वाढतात, बेडसोअर होतात, औषधाची वेळ चुकते, उरलेल्या सिस्टर डबल ड्युटी करतात, ते कुठल्याही बिलावर उमटत नाही. माझ्या मते आपला पगार अडकतो तो इथे, आणि मालक चांगला असला तरी तो इथेच अडकतो.

त्यात भर म्हणजे पुण्यातल्या खासगी नर्सिंगचं वय. कुठल्याही मध्यम रुग्णालयाचं मस्टर उघडा, वॉर्डातल्या बहुतेक सिस्टर तिशीच्या आतल्या दिसतील. बीड, लातूर, नांदेड, परभणी, यवतमाळ, सोलापूरकडच्या. हॉस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्या, घरी पैसे पाठवणाऱ्या. चाळिशीच्या सिस्टर बघायच्या तर ससून, वायसीएम, कमला नेहरू अशा सरकारी आणि महापालिकेच्या, नाहीतर जुन्या ट्रस्टच्या रुग्णालयांत जावं लागतं. मधल्या पंधरा वर्षांच्या बायका गेल्या कुठे? काही सरकारी भरतीत लागल्या, काही आखातात गेल्या, आणि बऱ्याच जणींनी लग्नानंतर किंवा पहिल्या बाळानंतर काम सोडलं. कारण नाइट चुकत नाही, पाळणाघर नाही, आणि १९,००० मधले सात-आठ हजार मूल सांभाळायला दिले तर घरचे म्हणतात, कशाला जातेस.

ही गळती फक्त पुण्याची नाही. २०१८ च्या सुमाराची आकडेवारी मांडणाऱ्या एका अभ्यासात देशात नोंदणी असलेल्या परिचारिका आणि प्रसाविका २३.४ लाख होत्या, पण प्रत्यक्ष काम करणाऱ्या साधारण १४ लाखच निघाल्या. म्हणजे नोंदवहीत नाव असलेल्या दहांपैकी चार जणी कामावर नव्हत्या. एचआर जेव्हा 'सिस्टर मिळत नाहीत' म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्या पगारात, त्या नाइट करून, पाळणाघराशिवाय काम करायला सिस्टर मिळत नाहीत, एवढं पूर्ण वाक्य ते बोलत नाही. आणि पगार न वाढवताही त्यांचं भागतं, कारण दरवर्षी नवी बॅच बाहेर पडते. दोन वर्षांचा अनुभव हवा म्हणून मुली येतात, शिकतात, जातात, पुन्हा नव्या येतात. रुग्णालयाला कायम पंचविशीतली सिस्टर मिळत राहते. मी पगारवाढीचे प्रस्ताव घेऊन व्यवस्थापनापुढे बसते तेव्हा सर्वांत जास्त भांडावं लागतं ते याच मुद्द्यावर: सहा महिने शिकवून तयार केलेली आयसीयूची सिस्टर गेली तर नव्या मुलीवर पुन्हा तेवढेच महिने खर्च होतात, आणि तो खर्च कुठे लिहिलाच जात नाही.

बाहेरून आलेल्या मुलींवर पुण्याची शुश्रूषा चालणं ही जुनी गोष्ट आहे, पण सुरुवात तशी नव्हती. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुणे सेवासदनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इथल्याच घरांतल्या मुली ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवल्या, त्यात विधवा होत्या. घरात बसवलेल्या बाईला स्वतःच्या पायावर उभं करणारा पेशा म्हणून त्याकडे पाहिलं गेलं. पुढे केरळच्या सिस्टर आल्या, त्यांच्यावर पुण्यातली मोठी रुग्णालयं उभी राहिली. त्या आखातात आणि युरोपात जायला लागल्या तशी त्यांची जागा मराठवाडा-विदर्भाच्या मुलींनी घेतली. पुण्यात घर असलेल्या मुली आज या पेशात कमी येतात, आणि ज्यांचं शहरात कुणी नाही त्यांना कमी पगारावर घासाघीस करणं जड जातं, हे भरती करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

ब्रदरच्या २१,००० बद्दल. तुमच्या मनात जे आलं ते बरोबर असू शकतं, पण आधी दुसरी शक्यता तपासा. खासगी रुग्णालयं नव्या माणसाला बाजारभाव देतात आणि जुन्या माणसाला दरवर्षी तीन-पाच टक्के. चार वर्षांत बाजारभाव पुढे निघून जातो आणि जुनी सिस्टर मागे राहते. त्याच महिन्यात एखादी नवी सिस्टर लागली असेल तर तिला किती दिले ते विचारा. तिलाही २१,००० असतील तर प्रश्न जुन्या-नव्याचा आहे. तिला १९,००० आणि ब्रदरला २१,००० असतील, आणि दोघांची ड्युटी सारखीच असेल, तर ते बेकायदा आहे. समान कामाला बाई-पुरुषाला समान वेतन देण्याचं बंधन १९७६ पासून कायद्यात आहे. 'ब्रदर पेशंट उचलतात, ॲम्ब्युलन्सबरोबर जातात' हे कारण नेहमी पुढे येतं. पेशंट तुम्हीही उचलता, हे ड्युटी रोस्टर दाखवून सांगा.

जगभरातही ही दरी अशीच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२२ च्या अहवालानुसार आरोग्य आणि काळजी क्षेत्रात ६७ टक्के बायका आहेत आणि त्यांचा पगार पुरुषांपेक्षा सरासरी २० टक्क्यांनी कमी आहे. वय, शिक्षण, कामाचे तास सारखे धरले तर फरक वाढून २४ टक्के होतो. डॉक्टरांमध्ये तो वेगळ्या रूपात दिसतो. एमबीबीएसच्या वर्गात आता मुली निम्म्याच्या आसपास असतात, पण पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या बोर्डवर हृदय, हाडं, मेंदू या शस्त्रक्रियांच्या यादीत बाईंचं नाव शोधावं लागतं. भूल, स्त्रीरोग, पॅथॉलॉजी, बालरोग, सकाळची ओपीडी इथे त्या भरपूर दिसतात, आणि जिथे प्रत्येक केसवर पैसे मोठे आहेत तिथे कमी. फी केसवर मिळत असल्याने बाळंतपणाच्या महिन्यांत उत्पन्न शून्य होतं, हे डॉक्टर बाई सहसा उघड बोलत नाहीत.

आता तुम्हाला उपयोगी पडेल असा आकडा. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल केंद्राला समिती नेमायला सांगितली. समितीने शिफारस केली ती अशी: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या सिस्टरइतकाच पगार, १०० ते २०० खाटा असतील तर जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना जास्तीत जास्त २५ टक्के कमी, आणि ५० च्या आतल्या रुग्णालयातही २०,००० पेक्षा कमी नको. तुमचं रुग्णालय ७० खाटांचं. भत्ते सगळे बाजूला ठेवले आणि फक्त ३५,४०० चे ७५ टक्के काढले तरी २६,५५० होतात. तुम्हाला त्याहून साडेसात हजार कमी मिळतात. केंद्राने या शिफारशी राज्यांकडे पाठवल्या, पण त्यांना कायद्याचं बळ नाही. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून खासगी सिस्टरचा पगार २०,००० पासून सुरू केला, तो तिथल्या सिस्टर संघटित होऊन रस्त्यावर उतरल्या म्हणून. आपल्याकडे रुग्णालयांसाठी किमान वेतन आहे, त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, पण ते सिस्टरच्या शिक्षणाच्या मानाने फार खाली आहे. तरी तेवढं तरी मिळतं का, हे कामगार विभागाच्या संकेतस्थळावरच्या ताज्या दरांशी ताडून बघा. छोट्या नर्सिंग होममध्ये तेही बुडवलेलं मी पाहिलं आहे.

पगाराची स्लिप घ्या. 'आम्ही स्लिप देत नाही' म्हणाले तर लेखी मागा. पहिली गोष्ट व्यवसाय कर. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो लागत नाही. तुमच्या १९,००० वाल्या स्लिपवर दरमहा २०० कापलेले दिसले तर ते परत मागा. बऱ्याच ठिकाणी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो कापला जात राहतो आणि कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमचे पाऊण टक्का आणि रुग्णालयाचे सव्वातीन टक्के जातात. मुली म्हणतात, आम्ही रुग्णालयातच काम करतो, बिबवेवाडीच्या ईएसआयसीत कशाला जाऊ. उपचारासाठी नका जाऊ हवं तर, पण बाळंतपणाच्या २६ आठवड्यांचा पगार तिथून मिळतो, मालकाच्या खिशातून जात नाही. 'रजा परवडत नाही, राजीनामा दे, नंतर पुन्हा घेऊ' असं ईएसआयसी लागू असलेल्या सिस्टरला सांगितलं जातं तेव्हा त्यात काही तथ्य नसतं. अशा राजीनाम्यावर सही करू नका. आधीची सगळी सेवा त्याने पुसली जाते.

तिसरी गोष्ट मूळ पगार. १९,००० मध्ये मूळ पगार सात हजार आणि बाकी सगळे भत्ते अशी स्लिप असेल तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही आखडतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेनुसार मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी धरता येत नाही. आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तुमची चार झाली. समजा मूळ आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असतील, तर वर्षाला पंधरा दिवसांचे, महिना २६ दिवसांचा धरून, ७,५०० होतात. पाच वर्षांचे ३७,५००. कुठे जायचं ठरवलं तरी हे वर्ष पुरं करून जा.

पोस्ट बेसिक करावं का? दोन वर्षं आणि फी घालून फक्त खासगी वॉर्डातच राहणार असाल तर फरक हजार-दोन हजारांचा पडतो, त्यासाठी करू नका. समुदाय आरोग्य अधिकारी, नर्सिंग कॉलेजात ट्यूटर, केंद्राची भरती किंवा परदेश यापैकी काही डोक्यात असेल तर जरूर करा. राज्याच्या सरकारी भरतीला खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागास प्रवर्गात ४३ वर्षांपर्यंत वय चालतं, म्हणजे तुमच्याकडे अजून पुष्कळ संधी आहेत. नाइट करून अभ्यास होत नाही, हे मला ठाऊक आहे. भरतीची जाहिरात आली की दोन-तीन महिने डायलिसिस किंवा ओपीडीसारखी दिवसाची ड्युटी मागून घ्या. मेट्रन बहुधा देतात, मी स्वतः देत आले आहे.

जर्मनीबद्दल एवढंच. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात सिस्टर आहेत. तिथे पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून काम आणि सहायकाचा पगार असतो, आणि मान्यतेसाठी साधारण बी-२ पातळीची जर्मन लागते. भाषा शिकायला पैसे घाला, मॅक्समुल्लर भवन पुण्यातच आहे. पण नोकरी लावून देतो म्हणून लाख-दीड लाख मागणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका, कारण चांगल्या भरतीत तो खर्च तिकडचं रुग्णालय करतं. मूळ प्रमाणपत्रं एजंटकडेही ठेवायची नाहीत आणि आताच्या रुग्णालयाकडेही नाहीत. ठेवली असतील तर आजच लेखी अर्ज देऊन परत मागा, अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पंधरा दिवसांत मिळाली नाहीत तर त्याच प्रतीसह कामगार आयुक्तांच्या पुण्याच्या कार्यालयात तक्रार द्या.

आणि पगारवाढ मागायला एकट्या जाऊ नका. आयसीयूतल्या चार-पाच जणी मिळून एक पानाचा अर्ज करा: प्रत्येकीची वर्षं, नव्या माणसाचा सुरुवातीचा पगार, गेल्या वर्षभरात किती सिस्टर सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी किती डबल ड्युट्या झाल्या. डबल ड्युटीचे आकडे रोस्टरवरून तारखांसह काढा. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, तो दिला नसेल तर तीही रक्कम अर्जात लिहा. अर्ज मेट्रनच्या हाती द्या आणि एक प्रत मेडिकल डायरेक्टरना. मार्चच्या आधी द्या, कारण एप्रिलचं बजेट फेब्रुवारीतच बांधलं जातं, आणि त्यानंतर आलेल्या अर्जाला पुढच्या वर्षाचं उत्तर मिळतं.